सोलरचा कंट्रोलर कोणता घ्यावा?

भद्रावती तालुक्यात मोहर्लीच्या बाजूला शेते संपतात तिथे जंगल सुरू होते. हे ताडोबाचे जंगल. १९५५ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. जंगलाला लागून शेत असले म्हणजे काय होते, ते या भागातल्या माणसाला सांगायला नको. हरभरा घाटे धरू लागला की रानडुकरे येतात. रोही येतात. धान, तूर, सोयाबीन, काहीच सुटत नाही. पूर्वी घरातला एक तरी माणूस मचाणावर जागलीला जाई. अजूनही जातात. पण अंधारात शेतावर जाणाऱ्याला वाघाचे भय असतेच.

म्हणून आता पुष्कळ शेतांना झटका तार लागली आहे. सोलरची प्लेट दिवसा उन्हापासून वीज करते. ती वीज बॅटरीत साठते. रात्री झटका मशीन बॅटरीतून वीज घेते आणि तारेत क्षणभराचा झटका सोडते. मग थोडे थांबते. पुन्हा सोडते. मशीनची टकटक ऐकू येत असते. जनावर तारेला लागले की दचकते आणि मागे फिरते. मरत नाही.

या कामात प्लेट दिसते. बॅटरी दिसते. तार तर दुरूनही दिसते. पण प्लेट आणि बॅटरी यांच्या मध्ये एक लहानसा डबा असतो, त्याच्याकडे कुणी पाहत नाही. त्याला चार्ज कंट्रोलर म्हणतात. आपण नुसते कंट्रोलर म्हणू. दुकानात तो शेवटी मागतात. "द्या जी एखादा, स्वस्तातला," असे म्हणून घेतात. आणि बहुतेक वेळा सगळे बिघडते ते तिथेच.

एका शेतकऱ्याचे असेच झाले. त्यांच्याकडे ४० वॅटची प्लेट होती आणि २६ अँपिअर-तासाची बॅटरी होती. कंट्रोलर नव्हताच. प्लेटच्या तारा सरळ बॅटरीला बांधल्या होत्या. एका वर्षातच बॅटरी गेली. ते ती घेऊन भद्रावतीला दुरुस्तीच्या दुकानात आले. दुकानातला मुलगा वयाने लहान, पण हाताने हुशार होता.

"काकाजी, हिच्यातलं पाणी कधी पाहिलं होतं?" त्याने विचारले.

"पाणी? मले तर वाटलं, आता पाच वर्षं पाहाचं कामच नाई."

मुलाने बुचे उघडून दाखवली. आत कोरडे ठाक होते.

"ही उपाशी नाई मेली काकाजी. खाऊन खाऊन मेली."

मुलगा खरेच बोलला. बारा व्होल्टची म्हणून जी प्लेट विकतात, ती बाराच व्होल्ट देत नाही. चांगल्या उन्हात ती १८ व्होल्टांनी चालते. तारा सोडून नुसती मोजली तर २१-२२ भरतात. प्लेट मुद्दामच तशी केलेली असते, कारण ढगाळ दिवशीही बॅटरी भरली पाहिजे. पण बॅटरीला इतका जोर सोसत नाही. शिशाची बॅटरी १४.४ व्होल्टांच्या आसपास पुरती भरते. तरीही वीज रेटत राहिलो तर आतले पाणी फुटून त्याचा वायू होतो आणि उडून जातो. पाणी आटले की आतल्या पट्ट्या उघड्या पडतात. उघडी पट्टी कामातून गेली म्हणून समजा.

व्होल्ट आणि अँपिअर हे दोन शब्द इथे पुन्हा पुन्हा येणार आहेत. ते पाण्यावरून समजून घेऊ. तलाव शेतापेक्षा जितका उंच, तितके पाणी जोराने येते. ती उंची म्हणजे व्होल्ट. पाटातून येणारी धार लहान की मोठी, ते अँपिअर. उंची आणि धार यांचा गुणाकार केला की वॅट होतात. म्हणजे खरे काम किती होणार ते कळते.

आता तलाव भरला की पाणी कुठे तरी वळवावे लागते. नाही तर पाळ फुटते. रात्री तलाव रिकामा व्हायला लागला तर तोटी बंद करावी लागते. हे काम करणारा माणूस म्हणजे कंट्रोलर. दिवसा तो बॅटरी भरतो आणि भरत आली की धार कमी करतो. रात्री बॅटरीतली वीज उलटी प्लेटकडे जाऊ देत नाही. आणि बॅटरी फार उतरली की मशीन तोडतो. बारा व्होल्टची बॅटरी ११ च्या खाली पुन्हा पुन्हा उतरली तर तिची ताकद कायमची जाते. माणूस एक वेळ उपास सोसेल, शिशाची बॅटरी सोसत नाही.

काकाजींनी नवी बॅटरी घेतली. या वेळी कंट्रोलरही घेतला. पण तो त्यांनी या दुकानातून घेतला नाही. दुसरीकडे स्वस्तात मिळाला, तिथून घेतला. हिवाळा आला. हरभरा चांगला आला होता. आणि पुन्हा डुकरांनी अर्धा एकर उकरून टाकले.

काकाजींनी सकाळी बॅटरी मोजून आणली. भरलेली होती. तार तपासली. कुठे तुटली नव्हती. मशीनही चालत होते. मग डुकरे आली कशी? ते डोक्याला हात लावून बसले. खरी गोष्ट काकूंच्या ध्यानात आली. त्या दोन रात्री मचाणावर सोबत होत्या.

"अहो, टकटक सांजेला सुरू होते. आदी रात झाली का बंद पडते. काल बी तसंच झालं."

काकाजी पुन्हा दुकानात गेले. मुलाने कंट्रोलर पाहिला आणि कपाळाला हात लावला. तो कंट्रोलर रस्त्यावरच्या दिव्यासाठी लावून ठेवलेला होता. अंधार पडला की सुरू हो आणि सहा तासांनी बंद हो, असे त्याला सांगितलेले होते. दिव्याला ते ठीक आहे. गाव निजल्यावर दिवा कशाला? पण तारेचे काम तर गाव निजल्यावरच असते. संध्याकाळी सहाला लागलेली तार बाराला मुकी होई. डुकरे त्यानंतर येत. मुलाने बटण दाबून आकडा बदलला. दोन मिनिटांचे काम. अर्धा एकर हरभरा मात्र गेला तो गेलाच.

तेव्हा कंट्रोलर घेताना पहिली गोष्ट दुकानदाराला सांगायची ती ही की, याच्यावर काय चालवायचे आहे. घरातला दिवा, की शेताची तार? तारेसाठी असेल तर मशीन पूर्ण रात्र चालू राहील अशी खूण त्याच्यात लावून द्यायला सांगा. आणि घरी नेण्याआधी ती खूण कशी बदलतात ते स्वतः शिकून घ्या. काही झटका मशीनच्या पोटातच कंट्रोलर बसवलेला असतो. मग वेगळा घ्यायची गरज नाही. आधी ते विचारा. नाही तर एकाच कामाला दोन माणसे ठेवल्यासारखे होईल, आणि दोघांचे पटणार नाही.

दुसरी गोष्ट बॅटरीची. बॅटरी कोणत्या जातीची आहे? पाणी घालायची, की बंद, की लिथियमची? तिन्हींचे पोट भरायचे व्होल्ट थोडे वेगवेगळे आहेत. पाण्याच्या बॅटरीला कधी कधी जास्त व्होल्ट देऊन आतले आम्ल ढवळून घ्यावे लागते. बंद बॅटरीला तसे केले तर तिचे नुकसान होते, कारण तिच्यात पाणी परत घालता येत नाही. लिथियमची चाल तर पुरतीच निराळी आहे. कंट्रोलरवर 'लिथियम' अशी खूण नसेल तर लिथियम बॅटरीला तो जोडू नका. दुकानदार म्हणेल, "चालते जी, सगळ्याला चालते." त्याला म्हणा, खूण दाखव.

तिसरी गोष्ट प्लेटची. प्लेटच्या पाठीवर एक कागद चिकटवलेला असतो. त्याच्यावर इंग्रजीत आकडे असतात. अक्षरे वाचता येत नसतील तर शाळेतल्या पोराला बोलवा. त्यातले दोन आकडे आपल्याला हवेत. एकाला व्ही-ओ-सी म्हणतात. तारा सोडलेल्या असताना प्लेटचे जास्तीत जास्त व्होल्ट किती, ते तो सांगतो. दुसऱ्याला आय-एस-सी म्हणतात. जास्तीत जास्त धार किती अँपिअरची, ते तो सांगतो.

कंट्रोलर प्लेटच्या व्होल्टांपेक्षा जास्त व्होल्ट सोसणारा पाहिजे. इथे चूक झाली तर तो पहिल्याच दिवशी जळतो. थंडीच्या सकाळी प्लेटचे व्होल्ट कागदावरच्या आकड्यापेक्षाही वाढतात, म्हणून थोडी जागा राखून ठेवा. आणि धारेच्या आकड्यात त्याचाच चौथा हिस्सा मिळवून जो आकडा येईल, तितक्या अँपिअरचा तरी कंट्रोलर घ्या. ४० वॅटच्या प्लेटची धार अडीच अँपिअरच्या आत-बाहेर असते. चौथा हिस्सा मिळवला की तीन झाले. तेव्हा ५ अँपिअरचा कंट्रोलर पुरतो. १०० वॅटच्या प्लेटची धार ६ धरा. चौथा हिस्सा मिळवून साडेसात. मग १० अँपिअरचा घ्या. अशाच दोन प्लेटा शेजारी-शेजारी जोडल्या, म्हणजे अधिकला अधिक आणि उण्याला उणे, तर धार दुप्पट होते. हिशेबाने १५ येतात, २० चा घ्या. पुढे प्लेट वाढवायचा विचार असेल तर आजच मोठा घेतलेला बरा.

आता दुकानात दोन नावे ऐकू येतील. पीडब्ल्यूएम आणि एमपीपीटी. पहिला स्वस्त. दुसरा त्याच्या कितीतरी पट महाग. दुकानदार दुसऱ्याची फार स्तुती करील. स्तुती खोटी नाही. पण ती तुमच्या कामाची आहे का, ते पाहिले पाहिजे.

फरक असा. समजा, तुमच्याजवळ १८ रुपये आहेत आणि तुम्हाला १३ रुपयांची वस्तू घ्यायची आहे. पहिला दुकानदार १८ घेतो, वस्तू देतो आणि मोड देत नाही. वरचे पाच बुडाले. दुसरा दुकानदार उरलेल्या पाचाचाही माल बांधून देतो. पीडब्ल्यूएम हा पहिला दुकानदार. तो प्लेटला बॅटरीच्या व्होल्टांवर ओढून आणतो. धार तीच राहते, वरची उंची वाया जाते. एमपीपीटी वरच्या व्होल्टांचे अँपिअर करून देतो. उंची उतरली की धार वाढते.

हिशेब करून पाहू. ४० वॅटची प्लेट १८ व्होल्टांवर २.२ अँपिअर देते. पीडब्ल्यूएम लावला तर बॅटरीला १३ व्होल्टांनी तेच २.२ अँपिअर जातात. म्हणजे २९ वॅट. अकरा वॅट वाया. पण थांबा. प्लेट तापली की तिचे व्होल्ट उतरतात. आपल्या चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५-४७ वर चढतो. तेव्हा प्लेटला हात लावून पाहा, चटका बसेल. अशा तापलेल्या प्लेटचे १८ चे १५ व्होल्ट होतात. मग १५ आणि १३ मध्ये फरक तो किती? महागडा कंट्रोलर मोड देतो खरा, पण इथे मोड द्यायला फारसे उरतच नाही.

आणि झटका मशीन खाते तरी किती? समजा, ते पाव अँपिअर घेते. रात्रीचे बारा तास धरले तर तीन अँपिअर-तास झाले. प्लेट चांगल्या उन्हाच्या चार तासांत जवळजवळ नऊ अँपिअर-तास देते. म्हणजे पीडब्ल्यूएम लावूनही गरजेच्या तिप्पट येते. तुमच्या मशीनचा आकडा तिच्या अंगावर लिहिलेला असतो, तो घालून हाच हिशेब करा. एका तारेसाठी चांगला पीडब्ल्यूएम पुरे, असे माझे मत आहे. वाचलेला पैसा चांगल्या बॅटरीत घाला.

मग एमपीपीटी कुणासाठी? त्याचेही उत्तर काकाजींकडूनच मिळाले. त्यांच्या पुतण्याला २५० वॅटची एक मोठी प्लेट जुन्यात मिळाली. घराच्या छपरावर लावतात तशी.

"हे लावू ना तारेले," काकाजी म्हणाले. "मंग बॅटरी उतरतेच कशी पाहतो."

मुलाने ऐकून घेतले आणि पाटी काढून आकडे मांडले. ही प्लेट ३० व्होल्टांवर चालते आणि आठ अँपिअर देते. मोकळी असताना ३७-३८ व्होल्ट. बारा व्होल्टचे काही स्वस्त कंट्रोलर जेमतेम २५ व्होल्ट सोसतात. ते फुंकले जातील. सोसणारा पीडब्ल्यूएम घेतला तरी आठ गुणिले तेरा, म्हणजे १०४ वॅटच हाती येतील. प्लेट अडीचशेची आणि पदरात शंभर. अशा प्लेटला एमपीपीटीच लागतो. पण एमपीपीटी लावला की तोच माल १३ व्होल्टांत १९ अँपिअर होऊन बाहेर पडतो. म्हणून तो कंट्रोलर निदान २० अँपिअरचा लागेल. ३० चा असला तर निवांत.

"आणि काकाजी, तुमची बॅटरी २६ ची. तिच्या तोंडात १९ अँपिअरची धार सोडली तर का होईन?"

काकाजी हसले. "पयलीसारखीच मरन."

शिशाच्या बॅटरीला तिच्या आकड्याच्या दहाव्या हिश्शाइतकी धार मानवते. थोडी जास्तही चालते. २६ च्या बॅटरीला अडीच-तीन अँपिअर. १५० च्या बॅटरीला १५ आणि त्याहून थोडे जास्त. ती मोठी प्लेट शेवटी घरावर गेली. तिथे १५० ची बॅटरी आणि एमपीपीटी लावला. दिवे, पंखा आणि मोबाईल त्यावर चालतात. तारेला जुनी ४० वॅटचीच प्लेट राहिली.

एक सावधगिरी सांगतो. बाजारात काही डब्यांवर मोठ्या अक्षरांत एमपीपीटी लिहिलेले असते आणि आत साधा पीडब्ल्यूएम असतो. ओळखायचे कसे? खऱ्या एमपीपीटीच्या आत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते, म्हणून तो हाताला जड लागतो. किंमत पीडब्ल्यूएमइतकीच सांगत असतील तर तिथेच ओळखा. आणि पक्की पारख पाहिजे असेल तर उन्हात, बॅटरी थोडी उतरलेली असताना मोजून पाहा. खऱ्यामध्ये प्लेटकडून येणारे अँपिअर कमी आणि बॅटरीकडे जाणारे जास्त दिसतात. दोन्हीकडे सारखेच दिसले तर नावावर पैसे गेले.

उन्हाची गोष्ट निघाली आहे तर बॅटरीचेही सांगतो. १४.४ व्होल्टांचा आकडा २५ अंशांच्या हवेसाठी आहे. बॅटरी तापली की ती कमी व्होल्टांतच भरते. ४५ अंशांवर १४ च पुरेत. म्हणून आपल्या भागात असा कंट्रोलर पाहावा, जो उष्णता ओळखून व्होल्ट आपोआप कमी करतो. काहींना एक बारीक तार असते, तिचे टोक बॅटरीला चिकटवतात. काहींत उष्णता मोजायची सोय डब्यातच असते. तसे असेल तर डबा आणि बॅटरी एकाच सावलीत ठेवा. पत्र्याची पेटी उन्हात ठेवू नका, आतली बॅटरी भाजून निघते. नेहमीच्या उष्णतेत दहा अंशांची वाढ झाली तर शिशाच्या बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. कुडाची किंवा पऱ्हाटीची आडोशी सावली केली तरी फरक पडतो. वारा मात्र खेळता राहू द्या. भरताना बॅटरीतून जो वायू निघतो तो पेट घेतो. जवळ बिडी ओढू नका.

जोडायचा क्रमही ध्यानात ठेवा. आधी कंट्रोलरला बॅटरी जोडायची, मग प्लेट, मग मशीन. सोडताना उलटे. आधी मशीन, मग प्लेट, शेवटी बॅटरी. प्लेट आधी जोडली तर कंट्रोलरला बॅटरी किती व्होल्टची आहे ते कळत नाही, आणि कधी कधी तो जळतो. अधिक-उणे दोनदा पाहा. बॅटरीच्या अधिक तारेत, बॅटरीच्या जवळच, एक फ्यूज टाका.

घरी इन्व्हर्टर असेल तर त्याची तार कंट्रोलरला लावू नका, सरळ बॅटरीला लावा. इन्व्हर्टर एकदम फार वीज ओढतो, लहान कंट्रोलरला ती झेपत नाही. शेतावरच्या सौर पंपाचा डबाही वेगळा आहे. सरकारच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतले पंप दिवसा प्लेटवरच चालतात, त्यांना बॅटरी नसते. तो पंपाचा कंट्रोलर आहे. त्यातून बॅटरी भरायला जाऊ नका.

तार बंद पडली म्हणून काही लोक कंटाळून विजेच्या खांबावरची लाइन सरळ तारेत सोडतात. ती २३० व्होल्टची असते आणि थांबत नाही. झटका क्षणभराचा असतो, ही धरून ठेवते. आपल्या जिल्ह्यात अशा तारांनी माणसे मेली आहेत, वाघही मेले आहेत. रात्री पाणी ओलायला गेलेला आपलाच भाऊ तिला लागतो. तो गुन्हा आहे आणि त्यात तुरुंग आहे. त्यापेक्षा वनविभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून जंगलाजवळच्या गावांना सौर कुंपणासाठी अनुदान दिले गेले आहे. आज कोणत्या गावाला मिळते, ते तिथे सांगतील. अनुदानाचा संच आला तरी आतला कंट्रोलर कोणता आहे ते उघडून पाहाच.

काकूंनी आता एक वही केली आहे. साक्षरता वर्गात त्या आकडे शिकल्या. संध्याकाळी आणि सकाळी कंट्रोलरवरचा व्होल्टचा आकडा त्या वहीत लिहितात. संध्याकाळी १२.७ च्या आसपास असला तर बॅटरी भरली. सकाळी १२.२ असला तर निम्मी राहिली. आठ दिवस आकडा उतरत गेला तर आधी त्या ओल्या फडक्याने प्लेटवरची धूळ पुसतात. तरीही आकडा चढला नाही तर काकाजींना भद्रावतीला पाठवतात.